साखर घातल्यावर काय उरते

लंडनहून निघणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाच्या ३ मे १९५२च्या अंकात, पान ९०३वर, एक आटोपशीर लेख सुरू होतो. एबीओ रक्तगटांशी नाते असलेल्या एका 'नव्या' लक्षणाबद्दल तो आहे. 'नवे' हा शब्द लेखकांनीच अवतरणचिन्हांत ठेवला आहे. लेखावर सात नावे आहेत. पहिली तीन मुंबईची : वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया. पुढची चार लंडनची : रूथ सँगर, रॉबर्ट रेस, वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स. मुंबईतल्या तीन माणसांचे रक्त कुठल्याच ठाऊक गटात बसत नव्हते. त्यांच्या तांबड्या पेशींवर ए नव्हता, बी नव्हता, आणि ओ गटाच्या माणसातही असायलाच हवा असा एच हा घटकही नव्हता. उलट या तिन्हींविरुद्धची प्रतिपिंडे त्यांच्या रक्तात होती, म्हणून ओ गटाचे रक्तही त्यांना चालणारे नव्हते. आज जगभर ज्याला बॉम्बे रक्तगट म्हणतात त्याची ही पहिली छापील नोंद.

त्याच वर्षी 'नेचर'मध्ये वॉटकिन्स आणि मॉर्गन यांचे एक छोटे टिपण आले. विषय अगदी वेगळा वाटावा असा : वाम माशाच्या सीरममधला एक पदार्थ आणि साध्या शर्करा. युरोपातली ही वाम नद्यांत वाढते आणि प्रजननासाठी अटलांटिकमधल्या सारगासो समुद्राकडे जाते. तिच्या सीरमच्या विषारीपणाचे वर्णन तुरीनच्या अँजेलो मोस्सो यांनी १८८८ सालीच केले होते. पुढे असे दिसले की हे सीरम ओ गटाच्या पेशींचे भराभर गठ्ठे करते. एच घटक ओळखण्यासाठी ते प्रयोगशाळांत वापरले जाऊ लागले. पण एच म्हणजे नेमके काय, हे कोणाला सांगता येत नव्हते. वॉटकिन्स आणि मॉर्गन यांनी सीरममध्ये एकेक साधी शर्करा मिसळून पाहिली. एल-फ्यूकोज घातला आणि सीरमचे काम थांबले, पेशी सुट्या राहिल्या. आरशातल्या प्रतिमेसारख्या डी-फ्यूकोजने तसे झाले नाही. रक्तगटाची खूण पेशीवरच्या शर्करेत असते, याचा हा अगदी सुरुवातीचा आणि भक्कम पुरावा.

हे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत असे मला वाटते. बॉम्बे रक्तगटाच्या पेशींवर एच घडवणारा तो शेवटचा फ्यूकोजच जोडलेला नसतो, म्हणून वामेच्या सीरमला तिथे धरायला काही सापडत नाही. एकीकडे शर्करा बाहेरून घातल्याने परिणाम थांबतो, दुसरीकडे ती जन्मतःच नसल्याने परिणाम होत नाही. दोन्ही बाजूंनी तोच साक्षीदार तीच गोष्ट सांगतो. यापेक्षा चोख पुरावा जीवरसायनशास्त्रात क्वचितच मिळतो.

समुद्री प्राण्यांतल्या शर्कराबंधक प्रथिनांबद्दल, म्हणजे लेक्टिनांबद्दल, आज पुष्कळ लिहिले जाते. शिंपल्यातले प्रथिन कर्करोगाच्या पेशी मारते, खेकड्याच्या रक्तातले प्रथिन कर्करोग ओळखते, अशी विधाने सहज फिरतात. त्यांतली काही खरी आहेत, पण किती खरी, हे मूळ शोधनिबंध उघडल्याशिवाय कळत नाही. ते उघडताना मी दोन प्रश्न जवळ ठेवतो. पहिला वॉटकिन्स-मॉर्गन यांचा : योग्य ती शर्करा बाहेरून घातल्यावर परिणाम थांबतो का, आणि चुकीची घातल्यावर चालू राहतो का? लेक्टिनाची पकड मोकळ्या शर्करेने भरली की ते पेशीला सोडते. तरीही पेशी मरत असेल, तर मारणारा कोणी दुसराच आहे : अर्कातला क्षार, एखादे विष, प्रथिने पचवणारे विकर. दुसरा प्रश्न वैद्याचा आहे : तीच शर्करा शरीरात आणखी कुठे आहे?

पहिल्या प्रश्नाची पाळेमुळे वनस्पतींत आहेत. आजच्या एस्टोनियातल्या टार्टू गावी, तेव्हाच्या डोरपाट विद्यापीठात, पीटर हेरमान श्टिलमार्क या विद्यार्थ्याने १८८८ साली रुडोल्फ कोबर्ट यांच्या हाताखाली एरंडीच्या बियांवर प्रबंध सादर केला. बियांतले विषारी प्रथिन तांबड्या पेशींचे गठ्ठे करते, हे त्यात नोंदले आहे. कारण मात्र त्याला दिसलेले नव्हते, त्यासाठी अर्धे शतक जावे लागले. १९३६ साली कॉर्नेल विद्यापीठाचे जेम्स समनर आणि स्टेसी हॉवेल यांनी 'जर्नल ऑफ बॅक्टेरिऑलॉजी'मध्ये जॅकबीनमधल्या, म्हणजे आपल्या अबईच्या सख्ख्या नात्यातल्या शेंगेच्या बियांतल्या, कॉन्कॅनाव्हॅलिन ए या प्रथिनाबद्दल लिहिले. समनर यांनी त्याचे स्फटिक १९१९ सालीच मिळवले होते. सतराव्या वर्षी शिकारीतल्या अपघातात डावा हात गमावलेला हा माणूस, तोही मूळचा डावखुरा, एका हाताने प्रयोगशाळेत काम करत असे. १९३६च्या लेखात दोघांनी दाखवले की साधी ऊससाखर या प्रथिनाने होणारे समूहन, म्हणजे पेशींचे गठ्ठे होणे, अडवते. पेशीच्या पृष्ठभागावर काही कर्बोदक असावे आणि हे प्रथिन त्यालाच धरत असावे, असा तर्कही त्यांनी मांडला. तो बरोबर होता, फार लवकर केलेला होता, आणि बराच काळ दुर्लक्षित राहिला. 'लेक्टिन' हे नाव १९५४ साली बॉस्टनच्या विल्यम बॉइड आणि एलिझाबेथ शॅपली यांनी दिले.

लेक्टिनाला शर्करा धरणाऱ्या एकाहून अधिक जागा असतात. एका जागेने एक पेशी, दुसऱ्या जागेने शेजारची पेशी धरली की पेशी एकमेकींत गुंततात, आणि परीक्षानळीत डोळ्यांना दिसेल असा गठ्ठा होतो. मागच्या शतकातले या विषयावरचे बहुतेक ज्ञान या डोळ्यांनी दिसणाऱ्या गठ्ठ्यातून आलेले आहे.

कर्करोगाचा संबंध १९६३ साली जुळला, आणि तोही समुद्रातून नव्हे, गव्हातून. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे जोसेफ ऑब कर्करोगाच्या पेशींचा पृष्ठभाग निरोगी पेशींपेक्षा वेगळा असतो का, हे शोधत होते. त्यांनी पेशींवर वेगवेगळी विकरे सोडून पाहिली. गव्हाच्या अंकुरातल्या लायपेज या विकराने अर्बुदाच्या पेशींचे गठ्ठे केले, निरोगी पेशींचे केले नाहीत. मग विकर तापवून निकामी केले, तरी गठ्ठे होतच राहिले. म्हणजे काम विकराचे नव्हते, त्यात मिसळलेल्या दुसऱ्याच प्रथिनाचे होते. ते प्रथिन गव्हाच्या अंकुरातले लेक्टिन निघाले. १९६७ साली प्रिन्स्टनच्या मॅक्स बर्गर आणि अॅलन गोल्डबर्ग यांनी ते शुद्ध करून त्याचे समूहन एन-अॅसिटिलग्लुकोसमाइनने थांबते हे दाखवले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात मात्र अर्बुदापुरत्याच असलेल्या खुणेचा शोध लागल्याचा दावा होता.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दोनच वर्षांत, बर्गर यांच्याच हातून आले. निरोगी पेशींना ट्रिप्सिन या प्रथिने पचवणाऱ्या विकराने थोडा वेळ हाताळले की त्याही तशाच गठ्ठे करू लागतात, असे १९६९च्या निबंधात आहे. खूण निरोगी पेशींवरही होती, फक्त झाकलेली किंवा वेगळ्या मांडणीत होती. त्याच वर्षी इस्रायलच्या वाइझमन संस्थेतून मायकेल इनबार आणि लिओ साक्स यांनी कॉन्कॅनाव्हॅलिन ए घेऊन तसाच फरक नोंदवला. पण १९७१ साली किरणोत्सारी खूण लावलेले लेक्टिन वापरून मोजणी झाली, तेव्हा निरोगी आणि कर्करोगी पेशींवर बसणाऱ्या लेक्टिनाच्या प्रमाणात विशेष फरक आढळला नाही. फरक होता तो पृष्ठभागावर त्या जागा किती सहज सरकतात, एकत्र येतात, याचा. शोध खोटा ठरला नाही, पण शीर्षकातला दावा टिकला नाही. पहिली कसोटी उत्तीर्ण होऊनही दुसरीत हात आखडता घ्यावा लागतो, याचे हे लेक्टिनांच्या इतिहासातले पहिले मोठे उदाहरण. आजही एखाद्या शोधनिबंधात 'फक्त कर्करोगाच्या पेशींवर' असे शब्द दिसले की मला १९६७ आणि १९६९ ही दोन साले आठवतात.

समुद्राकडची नोंद याहून जुनी आहे. फिलाडेल्फियात सायमन फ्लेक्सनर यांच्याकडे सर्पविषावर काम करणारे हिदेयो नोगुची यांनी थंड रक्ताच्या प्राण्यांच्या रक्तातील समूहनकारी द्रव्यांवर १९०३ साली निबंध छापला. त्यांनी अभ्यासलेल्या प्राण्यांत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा हॉर्सशू क्रॅब होता. खेकडा म्हणवला जाणारा हा प्राणी नात्याने कोळी आणि विंचू यांच्या जवळचा आहे. त्याच्यात आपल्यासारखी प्रतिपिंडे नसतात. शरीरात शिरलेला जंतू ओळखायचा तर तो हिमोलिम्फमधल्या, म्हणजे त्याच्या रक्तद्रवातल्या, प्रथिनांनीच. जंतूंच्या अंगावरही शर्कराच असतात, म्हणून शर्करा धरणारी प्रथिने हा अशा प्राण्यांच्या संरक्षणाचा मोठा भाग आहे. १९६८ साली जॉन मार्कालोनिस आणि जेराल्ड एडलमन यांनी हॉर्सशू क्रॅबमधले हे प्रथिन वेगळे काढून त्याची रचना वर्णिली. पुढच्या काही वर्षांत ते सायलिक आम्ल नावाची नऊ कर्बअणूंची शर्करा धरते हे स्पष्ट झाले.

इथे भारताचे एक पान आहे. हॉर्सशू क्रॅब आपल्या कोकण किनाऱ्यावर नाही, तो ओडिशा आणि बंगालच्या किनाऱ्यावर, सुंदरबनच्या खारफुटीत आढळतो. तिथल्या कार्सिनोस्कॉर्पियस जातीच्या हिमोलिम्फमधून सुबल बिशयी आणि डी. टी. डोराई यांनी सायलिक आम्ल धरणारे लेक्टिन वेगळे केले, त्याला कार्सिनोस्कॉर्पिन असे नाव दिले आणि १९८० साली 'बायोकिमिका एट बायोफिजिका अॅक्टा'मध्ये छापले. पुढच्या दोन वर्षांत या प्रथिनावर आणखी निबंध आले. त्यांत बिमलकुमार बाछावत यांचे नाव आहे. वेल्लोरमध्ये शर्करांच्या जीवरसायनशास्त्राचा पाया घालून ते कोलकात्याला गेले होते. त्या निबंधांत कर्करोगाचा गाजावाजा नाही. सायलिक आम्ल असलेल्या वेगवेगळ्या ग्लायकोप्रथिनांना हे लेक्टिन किती घट्ट धरते, याची शांतपणे केलेली मोजदाद आहे. कर्करोगाच्या पेशींवर सायलिक आम्लाचे थर बदलतात आणि अनेकदा वाढतात, प्रतिकारशक्तीपासून लपायलाही ते पेशीला मदत करतात. त्यामुळे अशी मोजदाद पुढे किती उपयोगी पडणार होती, हे आता सहज दिसते.

कॅलिफोर्नियाच्या खेकड्याची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण तीत कागदांची साखळी सलग लागते.

पहिला कागद १९८४चा. डेव्हिड चेरेश, राल्फ राइसफेल्ड आणि अजित वर्की यांनी 'सायन्स'मध्ये दाखवले की मानवी मेलॅनोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका घातक कर्करोगाच्या, पेशी जीडी३ नावाच्या स्निग्धशर्करेवर एक छोटासा अॅसिटिल गट चढवतात, आणि त्यामुळे एक वेगळी खूण तयार होते. वर्की वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे पदवीधर. सायलिक आम्लावर आयुष्यभर काम करून त्या क्षेत्रातले ते अग्रगण्य नाव झाले. हा अॅसिटिल गट सौम्य अल्कलीने सहज निघून जातो. तो काढला की ती खूण ओळखणारे प्रतिपिंड निरुपयोगी होते. शर्करा घालून पाहण्याच्या कसोटीचीच ही दुसरी तऱ्हा : इथे बाहेरून काही घालायचे नाही, पेशीवरची खूणच पुसायची आणि ओळख उरते का ते पाहायचे.

दुसरा कागद पुढच्याच वर्षीचा. लॉस एंजलिसमध्ये एम. एच. रवींद्रनाथ, एच. एच. हिगा, एडविन कूपर आणि जेम्स पॉल्सन यांनी 'कॅन्सर अँटेनॅरियस' या कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या खडकाळ जागी राहणाऱ्या खेकड्याच्या हिमोलिम्फमधून एक लेक्टिन शुद्ध केले. गुरांच्या लाळग्रंथीतल्या म्युसिनमध्ये अॅसिटिल गट चढलेले सायलिक आम्ल भरपूर असते, ते वापरून त्यांनी हे प्रथिन अर्कातून ओढून घेतले. तपासणीत दिसले की त्याला साध्या सायलिक आम्लाची नव्हे, ओ-अॅसिटिल चढलेल्या सायलिक आम्लाची ओढ आहे. म्हणजे शर्करेवरचा तो एक बारीकसा गट असणे-नसणे हे प्रथिन ओळखते.

तिसरा कागद १९८८चा, 'जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री'मधला, रवींद्रनाथ, पॉल्सन आणि आर. एफ. आयरी यांचा. मेलॅनोमाच्या पेशींवरचा ओ-अॅसिटिल जीडी३ खेकड्याचे हे लेक्टिन ओळखते, असे त्याच्या शीर्षकातच आहे. माणसाच्या अर्बुदावरची खूण आणि समुद्रातल्या खेकड्याची ओळख यांची भेट इथे पडते. १९८४ साली मेलॅनोमावर जी शर्करा रसायनाने वर्णिली गेली, तिच्यासाठी नेमकी पकड असलेले प्रथिन १९८५ साली खेकड्यात मिळाले होते. १९८८ साली दोघांची गाठ प्रयोगाने घालून दिली गेली. या तीन कागदांत मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती शीर्षकातल्या क्रियापदाची मर्यादा. 'ओळखते' इतकेच ते म्हणते. मारते, बरे करते, असे कुठे म्हणत नाही. जेवढे दाखवले तेवढेच लिहिले आहे.

याच वाटेवर १९९३ साली पी. डी. मर्सी आणि रवींद्रनाथ यांनी सायला सेराटा या खेकड्यातून दुसरे लेक्टिन काढले. हा खेकडा कोकणातल्या माणसाला ओळखीचा आहे : खाडीच्या चिखलात, खारफुटीत सापडणारी मोठी चिंबोरी. तिच्या हिमोलिम्फमधले हे प्रथिन एन-ग्लायकोलिल प्रकारचे सायलिक आम्ल धरते. हा प्रकार बहुतेक सस्तन प्राण्यांत असतो, पण माणसाचे शरीर तो स्वतः तयार करू शकत नाही, कारण आपल्या पूर्वजांत त्यासाठी लागणारे जनुक निकामी झाले. ही गोष्ट वर्की यांच्या गटाने १९९८ साली स्पष्ट केली. मानवी अर्बुदांत मात्र या परक्या शर्करेचे अंश आढळतात, आणि ते बऱ्याच अंशी आहारातून येतात. चिंबोरीच्या या प्रथिनाकडे कर्करोगाच्या अभ्यासकांचे लक्ष जावे ते याच कारणाने.

कोलकात्यात १९९९ साली डी. सिन्हा, चित्रा मंडल आणि डी. के. भट्टाचार्य यांनी आफ्रिकन गोगलगाईच्या अॅकॅटिनिन-एच या लेक्टिनाने लहान मुलांच्या तीव्र लिंफोब्लास्टिक ल्यूकेमियात नऊ क्रमांकाच्या कर्बअणूवर अॅसिटिल चढलेले सायलिक आम्ल खूण म्हणून शोधले. ही गोगलगाय जमिनीवरची, १८४७ साली कोलकात्यात आणली गेलेली. कॅलिफोर्नियाच्या खेकड्याचे लेक्टिन आणि तिचे लेक्टिन धरतात ती शर्करा मात्र एकाच जातीची आहे.

आता शिंपल्यांकडे. मालवण-गोव्याकडे खडकांना चिकटणाऱ्या ज्या शिंपल्यांना शिनाणे म्हणतात, त्यांच्या कुळातली भूमध्य समुद्रातली एक जात जहाजांबरोबर जगभर पसरली. जपानच्या किनाऱ्यावरही ती आता सर्रास दिसते. योकोहामा सिटी विद्यापीठातले यासुहिरो ओझेकी आणि त्यांचे सहकारी, त्यांत बांगलादेशातले काही संशोधकही आहेत, यांनी या शिंपल्यातून मायटिलेक नावाचे लेक्टिन मिळवले. २०१२ साली 'जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री'त त्यांचा निबंध आला. १४९ अमिनो आम्लांचे हे लहान प्रथिन, त्यात जवळजवळ सारख्या भागाची तीन वेळा पुनरावृत्ती, आणि अनुक्रम तोवर माहीत असलेल्या कुठल्याही लेक्टिनापेक्षा वेगळा.

निबंधाचा गाभा प्रयोगातल्या पेशींच्या निवडीत आहे. एक पेशीवंश राजी. तो १९६३ साली नायजेरियातल्या एका अकरा वर्षांच्या मुलाच्या जबड्यातल्या बर्किट लिंफोमातून वाढवला गेला. आफ्रिकेतल्या मुलांच्या जबड्यांत वाढणाऱ्या या अर्बुदाचे वर्णन डेनिस बर्किट यांनी १९५८ साली केले होते. त्या मुलाच्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतात, आणि त्यांच्याविषयी लिहिताना तो मुलगा होता हे विसरू नये असे मला वाटते. या पेशींवर जीबी३ ही स्निग्धशर्करा ठासून भरलेली असते, तिच्या टोकाला आल्फा जोडणीतला गॅलॅक्टोज असतो. बर्किट लिंफोमाची खूण म्हणून ती फ्रेंच संशोधकांना १९८१ साली एका प्रतिपिंडामुळे सापडली, आणि १९८३ साली तिचे रसायन नक्की झाले. दुसरा पेशीवंश के५६२, हाही रक्ताच्या कर्करोगाचाच, पण जीबी३ जवळजवळ नसलेला. मायटिलेकने राजी पेशी मारल्या, के५६२ला काही झाले नाही. मेलिबायोज ही आल्फा-गॅलॅक्टोज असलेली द्विशर्करा घातली, आणि राजी पेशीही वाचल्या.

साखर घातल्यावर काय उरते याचे उत्तर इथे स्वच्छ आहे : काहीही उरत नाही. मारण्याचे काम त्या पकडीतूनच होत होते. २०१५ साली इम्तियाज हसन आणि ओझेकी यांच्या गटाने पुढची पायरी नोंदवली. लेक्टिन बाहेरूनच जीबी३ला धरते, आणि तो स्पर्श पेशीच्या आत एकाहून अधिक संकेतमार्गांनी पोचून पेशीला नियोजित मृत्यूकडे ढकलतो. व्लादिवोस्तोकच्या संशोधकांना १९९८ साली क्रेनोमायटिलस या दुसऱ्या शिंपल्यात मिळालेले प्रथिन या मायटिलेकचेच भावंड निघाले. २०१६ साली तैवानमधल्या गटाने, रशियन सहकाऱ्यांसह, तेही जीबी३ धरून स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर काम करते हे दाखवले.

पण दुसरा प्रश्न इथेही विचारावाच लागतो. जीबी३ फक्त लिंफोमावर नसते. रक्तगटांच्या एका पद्धतीत तिला पीके हे नाव आहे, आणि मूत्रपिंडातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही ती असते. शिगेला आणि ई. कोलायच्या काही घातक वाणांचे विष याच शर्करेला धरून मूत्रपिंड निकामी करते. त्या विषाने मुलांना होणारा आजार वैद्यांना चांगला ठाऊक आहे. म्हणून राजी पेशींवरचा निकाल कितीही स्वच्छ असला, तरी रुग्णाच्या शरीरात सोडलेले असे प्रथिन मूत्रपिंडाशी काय करेल, हा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही. राजी आणि के५६२ या दोन पेशींच्या तुलनेतून त्याचे उत्तर मिळत नाही, कारण दोन्ही कर्करोगाच्याच पेशी आहेत.

मारणे आणि ओळखणे ही दोन कामे वेगळी करता येतील का, याचे उत्तर पुढच्या दोन निबंधांत मिळते, आणि या विषयातला सर्वांत हुशार विचार मला तिथे दिसतो. २०१६ साली दाइकी तेरादा, जेरेमी टेम, ओझेकी आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी मायटिलेकची रचना उलगडली. प्रत्येक रेणूत गॅलॅक्टोज धरणाऱ्या तीन जागा आहेत आणि असे दोन रेणू घट्ट जोडी करून राहतात. जोडीच्या सांध्यावर दोन अमिनो आम्ले बदलून रेणू एकेकटे केले, तेव्हा शर्करा धरण्याच्या जागा होत्या तशाच राहिल्या, पण पेशी मारण्याचे सामर्थ्य गेले. म्हणजे नुसती पकड पुरेशी नव्हती, पेशीच्या पृष्ठभागावरचे रेणू एकमेकांजवळ ओढले जाणेही लागत होते.

२०१७ साली त्याच गटाने 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये एक कृत्रिम प्रथिन मांडले. शिंपल्याच्या रेणूतले तीन भाग एकमेकांसारखे आहेत, पण हुबेहूब नाहीत. संगणकावर आखणी करून त्यांनी तीनही भाग अगदी एकसारखे असलेला, एकटा राहणारा रेणू तयार केला आणि त्याला मित्सुबा म्हणजे तीन पानांचा असे नाव दिले. तो बर्किट लिंफोमाच्या पेशींना जाऊन बसतो, मारत मात्र नाही. निदानासाठी, किंवा पुढे एखादे औषध वाहून नेणारा वाहक म्हणून, असा रेणू जास्त कामाचा ठरू शकतो. जीबी३ मूत्रपिंडावरही आहे हे लक्षात घेतले, तर न मारणारा, फक्त ओळखणारा रेणू मारणाऱ्यापेक्षा अधिक शहाणपणाचा आहे, असे माझे मत आहे.

मूळ मायटिलेकवरचे काम थांबलेले नाही. २०१९ साली 'मरीन ड्रग्ज'मध्ये हसन आणि सहकाऱ्यांनी दोन निकाल एकाच निबंधात दिले : एर्लिख अॅसायटिस कार्सिनोमा वाढवलेल्या उंदरांच्या शरीरात या प्रथिनाने अर्बुदाच्या पेशींना नियोजित मृत्यूकडे नेले, आणि खाऱ्या पाण्यातल्या आर्टेमिया या इवल्याशा कवचधारी जीवांनाही ते शर्करेवर अवलंबून राहूनच विषारी ठरले. आर्टेमियाला कर्करोग नसतो, म्हणजे दुसरा प्रश्न इथेही उरतोच. समुद्री प्राण्याचे एकही लेक्टिन अद्याप कर्करोगाचे मान्यताप्राप्त औषध झालेले नाही. समुद्री जीवांतून आलेली ट्रॅबेक्टेडिन आणि एरिब्युलिन ही औषधे रुग्णांना दिली जातात, पण ती लेक्टिने नव्हेत, वेगळ्याच जातीचे लहान रेणू आहेत आणि त्यांचा इतिहास स्वतंत्र आहे.